बाप गेला आणि हिरोला भूक लागली: कादंबरीत कोरडेपणा कसा लिहायचा

आमच्याकडं बेळगावात कुणाला काहीही विचारा, पिक्चरला येणार का, भाडं पाचशेनं वाढवलं तर चालेल का, मुलगी पसंत आहे का, उत्तर एकच येतं, ‘चालतंय की’. आता हे ‘चालतंय की’ खुशीत म्हटलंय का वैतागून म्हटलंय का नुसतंच तोंडातून पडलंय हे समोर बसलेल्याला लगेच कळतं कारण तोंड दिसत असतं. कादंबरीत तोंड दिसत नाही, खरी पंचाईत तिथंच होते.

मी दिवसा एका पतसंस्थेत हिशेब बघतो आणि सहा वर्षं झाली रात्री एक कादंबरी लिहितोय. हिरोचा बाप वारतो आणि हिरोला फारसं काही वाटत नाही, एवढीच गोष्ट. पहिला खर्डा १८० पानांचा झाला तेव्हा खानापूरला शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला वाचायला दिला, तिनं दहा दिवसांनी पिशवीत घालून परत आणला आणि म्हणाली, हा माणूस निर्विकार वगैरे काही नाही रे, कंटाळवाणा आहे. राग आला. मग घरी बसून शोधत गेलो तर ‘त्याला काहीच वाटलं नाही’ किंवा त्याचंच भावंड असलेलं वाक्य मी २३ ठिकाणी लिहिलेलं. म्हणजे वाचकाला मी २३ वेळा हाताला धरून सांगत होतो की बघा, हा कोरडा आहे हं. त्यानंतर जे शिकलो ते खाली लिहितोय. तुम्ही असलं काही लिहीत असाल तर ह्याच क्रमानं करून बघा, क्रम उलटा केला तर मेहनत डबल होते, माझी झाली.

आधी ठरवा, कोरडेपणा कुठला

आपण ‘भावनाशून्य’ एवढा एकच शब्द वापरून मोकळे होतो, पण त्यात निदान चार वेगळी माणसं आहेत. धक्क्यानं बधिर झालेला, त्याला नंतर सगळं येणार आहे, उशिरा येणार आहे. नातं आधीच वाळून गेलेला, बाप जिवंत असतानाच दहा वर्षं बोलणं नव्हतं असा. संसारातून मन काढून घेतलेला अलिप्त, वारकरी घरात असला एखादा आजोबा असतोच. आणि चौथा सगळ्यात अवघड, ज्याला वाटतं ते वाटतं पण जे वाटत नाही ते वाटल्यासारखं दाखवायला जो तयार नाही.

आल्बेर काम्यूची १९४२ सालची ‘द स्ट्रेंजर’ ही फ्रेंच कादंबरी ह्या विषयाची बाराखडी आहे, तिचा हिरो मर्सो हा चौथ्यातला. आईच्या मयताला रडत नाही, दुसऱ्या दिवशी समुद्रावर पोहायला जातो, संध्याकाळी मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा बघतो, आणि पुढं खुनाच्या खटल्यात हेच सगळं त्याच्यावर उलटतं. काम्यूनंच १९५५ साली एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हटलंय की हा माणूस खोटं बोलायला नकार देतो. म्हणजे लेखकाच्या डोक्यात तरी तो दगड नव्हता.

तुमचा हिरो ह्या चारातला कुठला ते एका ओळीत लिहून टेबलासमोर चिकटवा, कारण पुढची प्रत्येक स्टेप त्याच्यावर अवलंबून आहे. बधिर माणसाची वाक्यं तुटतात, वाळलेल्याची टोमणे मारतात, अलिप्ताची शांत आणि लांब असतात, चौथ्याची अगदी साधी, सरकारी पंचनाम्यासारखी असतात. माझा हिरो मी पहिल्यांदा चौथा समजत होतो आणि लिहीत होतो दुसरा, म्हणून तो कंटाळवाणा झाला.

डोळा कुठं जातो ते बघा

कोरड्या माणसाला कमी दिसतं असं आपल्याला वाटतं. उलटं आहे, त्याला भरपूर दिसतं, फक्त ‘ज्याच्याकडं बघायला पाहिजे’ असं चारचौघं म्हणतात त्याच्याकडं त्याचं लक्ष नसतं. मर्सो आईच्या शवापाशी बसून दुधाची कॉफी पितो, सिगरेट ओढतो, शवपेटीच्या चकचकीत स्क्रूंकडं बघतो, आणि हे सगळं तो इतकं बारीक सांगतो की आई तेवढी त्यात राहून जाते. वाचकाला ते रिकामं दिसतं कारण भोवतीचं सगळं भरलेलं आहे.

म्हणून एक प्रसंग घ्या आणि आधी सरळ यादी काढा, त्या जागी दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, वास येणाऱ्या २० गोष्टी. मग त्यातल्या दुःखाशी थेट संबंध असणाऱ्या, म्हणजे फोटो, हार, रडणारी आई, त्या खोडून टाका. उरलं त्यात लिहा. हे काम पेनानं करा, मोबाइलवर नको, खोडलेलं दिसलं पाहिजे.

माझ्या कादंबरीत दहाव्याचा प्रसंग आहे, खानापुरात मलप्रभेच्या घाटावर. पहिल्या खर्ड्यात तो असा होता, लाज वाटते पण देतो:

*कावळा पिंडाला शिवत नव्हता. सगळे अश्रू ढाळत होते. पण सुरेशच्या मनात कसलीही भावना उमटली नाही. त्याचे हृदय जणू दगड झाले होते. मृत्यूच्या या सोहळ्याकडे तो त्रयस्थाच्या नजरेने पाहत होता.*

आणि आता असा आहे:

*पिंड ठेवून आम्ही मागं सरलो. अकरा चाळीस झाले होते. भात बासमतीचा होता, वास येत होता. काकानं हात जोडले आणि धाकट्याच्या लग्नाचं मी बघतो असं मोठ्यांदा सांगितलं. कावळा फांदीवर बसला होता. आत्यानं तुळशीवृंदावन बांधायचं कबूल केलं. कावळ्यानं मान वळवली. पलीकडं एक बाई कपडे धूत होती, तिचा साबण निळा होता. मला भूक लागली होती. काका म्हणाला, तू बोल की काहीतरी. मी म्हणालो, काय बोलू. अकरा पंचावन्नला कावळा आला.*

दुसऱ्यात भावनेचा एक शब्द नाही, आणि मैत्रीण म्हणाली की हे वाचताना घशात काहीतरी अडकतं. मुद्दाम केलेली एक गोष्ट दाखवतो. सगळ्यांची वचनं झाली तरी कावळा येत नाही आणि ह्यानं ‘काय बोलू’ म्हटल्यावर येतो. हिरो ते जोडत नाही, फक्त टायमिंग सांगतो. जोडायचं काम वाचकाकडं ठेवलंय, आणि आपल्याकडं वाचक ते जोडतोच, पिंडाला कावळा शिवणं म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

व्याकरणातनं रडू काढून टाका

हा भाग सगळ्यात मोठा, कारण मराठीत भावना शब्दांपेक्षा क्रियापदांच्या शेपटात जास्त बसलेली असते आणि आपलं तिकडं लक्षच नसतं.

काम्यूचं आधी सांगतो, मग आपलं. फ्रेंचमध्ये गोष्ट सांगायला एक खास पुस्तकी भूतकाळ असतो, कादंबऱ्या परंपरेनं त्यात लिहीत. काम्यूनं तो बाजूला ठेवून बोलण्यातला रोजचा भूतकाळ वापरला, त्यामुळं घटना गोष्टीसारख्या एकमेकींत गुंतत नाहीत, एकामागून एक नुसत्या घडत जातात. फ्रेंच लेखक आणि तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रनं १९४३ साली ह्या कादंबरीवर लेख लिहिला, त्यात तो म्हणतो की हिच्यातलं प्रत्येक वाक्य एकेक बेट आहे. मराठीत ती काळाची युक्ती तशीच्या तशी चालणार नाही, आपल्याकडं पुस्तकी भूतकाळ असा वेगळा नाहीच. पण आपल्याकडं दुसरी हत्यारं आहेत.

एक, सहायक क्रियापदं. ‘तो रडला’ आणि ‘त्यानं रडून घेतलं’ हे एक नाही. ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’, ‘विकलं’ आणि ‘विकून टाकलं’, ‘गेला’ आणि ‘निघून गेला’, ह्या घेणं-टाकणं-बसणं-जाण्यात बोलणाऱ्याचं मत दडलेलं असतं, पश्चात्ताप, सुटका, चीड. कोरड्या निवेदकाच्या तोंडातून ही शेपटं काढा. ‘बाबांची गाडी विकली.’ बास.

दोन, ‘च’, ‘तर’, ‘ना’, ‘बरं का’, ‘हो’, ‘की’. हे छोटे प्राणी वाक्यात ऊब आणतात. निवेदनातून सगळे काढा पण दुसऱ्यांच्या बोलण्यात राहू द्या. आमच्या भागात ‘की’ शिवाय वाक्य पुरं होत नाही, येतो की, जेवलो की, होय की. काका ‘बोल की काहीतरी’ म्हणतो आणि हा नुसतं ‘काय बोलू’ म्हणतो, त्या एका ‘की’ मुळं दोघांच्यातलं अंतर ऐकू येतं.

तीन, जोडशब्द. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळं’, ‘तरीही’, ‘पण’ ह्यांच्यावर लाल पेन मारा. ‘मला भूक लागली होती पण सगळे रडत होते म्हणून मी गप्प बसलो’ ह्यात माणूस स्वतःची सफाई देतोय, म्हणजे त्याला लोकांची पर्वा आहे. ‘सगळे रडत होते. मला भूक लागली होती.’ इथं सफाई नाही. ‘आणि’ चालेल, ‘मग’ चालेल, तेही मोजून.

चार, हे माझं सगळ्यात आवडतं आणि हे आपल्या भाषेच्या अंगातलंच आहे. मराठीत बऱ्याच भावना माणूस ‘करत’ नाही, त्याला त्या येतात, लागतात, वाटतात, होतात. मला रडू आलं, मला झोप आली, मला भूक लागली, मला वाईट वाटलं. दुःखाचं आणि भुकेचं व्याकरण एकच! मग ते शेजारी शेजारी ठेवा की. ‘मला रडू आलं नाही. मला झोप आली.’ ह्यात दुःख नाकारलंही नाही आणि झोपेचं कौतुकही नाही, दोन्ही एकाच दारातून येणारे पाहुणे, एक आला एक आला नाही. ही जी समान वागणूक आहे ना, मन सुन्न आहे असं म्हणणाऱ्या दहा वाक्यांपेक्षा ती जास्त सांगते.

पाच, मरणाचं क्रियापद. वारले, गेले, मेले, देवाघरी गेले, आटोपले, आणि आमच्या ऑफिसातलं ‘एक्स्पायर झाले’. पतसंस्थेत वारसदार येतो तेव्हा फॉर्म भरताना हा शब्द दिवसातून एकदा तरी कानावर पडतो, खातेदार एक्स्पायर झाला. औषधाच्या बाटलीचा शब्द माणसाला लावलेला, आणि आलेला मुलगाही तोच वापरतो, पासबुक पुढं सरकवतो, ‘फादर एक्स्पायर झाले’. त्याला दुःख नसतं असं नाही, काउंटरवर उभं राहून बोलायला तोच शब्द सोयीचा असतो. हिरोच्या तोंडी कुठला शब्द हे एकदा ठरवलं की बदलू नका, आणि जिथं बदलाल तिथं वाचक दचकला पाहिजे.

मराठीत असल्या भाषेचं उदाहरण शोधायला लांब जायला नको, भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे दोन शब्द असे वापरतो की आयुष्यातली कुठलीही मोठी गोष्ट यादीतली एक होऊन बसते. पण सावध, ती युक्ती आता त्यांची आहे. आपण वापरली की लगेच वास येतो, माझ्या पहिल्या खर्ड्यात ६० तरी ‘वगैरे’ होते आणि वरच्या २३ वाक्यांएवढीच त्यांचीही लाज वाटते.

प्रतीक म्हणजे शोकेसमधला हत्ती नाही

प्रतीक म्हटलं की नवा लेखक कोमेजलेलं फूल, बंद पडलेलं घड्याळ, रिकामी खुर्ची आणून ठेवतो आणि वर त्याचा अर्थ पण सांगतो. नको. कोरड्या माणसाच्या जगात प्रतीक आधी अंगाला लागलं पाहिजे, ऊन, घाम, चिखल, ओले सॉक्स. मनाला न लागणारं शरीराला लागतं, हिशेब साधा आहे.

‘द स्ट्रेंजर’मधलं ऊन बघा. आईच्या अंत्ययात्रेत ऊन असह्य आहे, वितळलेलं डांबर पायाला चिकटतंय. मग समुद्रकिनारी, जिथं तो गोळी झाडतो, तिथं परत तेच ऊन, आणि तो स्वतः म्हणतो की आईला पुरलं त्या दिवशीचंच हे ऊन होतं. मग कोर्टात परत उकाडा, लोक वारा घेतायत. तीन वेळा. पहिल्यांदा ते फक्त हवामान असतं, दुसऱ्यांदा त्याचं वजन कळतं, तिसऱ्यांदा कुणी काही म्हणायची गरज उरत नाही. आणि बारकाईनं वाचलं तर किनाऱ्यावरच्या त्या प्रसंगात भाषाच बदलते, तोपर्यंत पंचनाम्यासारखं बोलणारा माणूस अचानक उपमांवर उपमा द्यायला लागतो, ऊन तलवार होतं, गोळ्यांचा आवाज दारावरची थाप होतो. मन बोलत नव्हतं ते प्रतीकातून फुटून बाहेर आलं. ही जागा दोनदा वाचा, तिच्यात अर्धं तंत्र आहे.

तुमचं ऊन कुठलं ते तुमच्या गावात शोधा, अल्जीरियातून आणू नका. आमच्या बेळगावात पाऊस आहे, जूनला सुरू झाला की टॉवेल वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, आणि खानापूर-जांबोटीकडं तर त्याहून जास्त. निपाणीच्या बाजूचा हिरो असेल तर तंबाखूची धूळ आहे, वखारीजवळून गेलं तरी नाकात जाते, शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं. आता विचार करा, बापाच्या मयतात न रडलेला माणूस वखारीपाशी उभा आहे आणि डोळे वाहतायत. काही सांगायची गरज आहे का? फक्त तो प्रसंग मयताच्या लगेच पुढच्या पानावर ठेवू नका, ५० पानं जाऊ द्या, नाहीतर वाचक म्हणेल आला, लेखक आला.

सीमाभागात आपल्याकडं आणखी एक आयतं प्रतीक आहे आणि ते कुणी वापरत का नाही कळत नाही. दोन लिप्या. माझा हिरो मराठी माध्यमात शिकलेला, कन्नड बोलतो फाडफाड, वाचताना मात्र अक्षर अक्षर लावतो. बापाचा मृत्यूचा दाखला हातात येतो तो कन्नडमध्ये. तो काउंटरच्या बाजूला उभा राहून बोट ठेवून बापाचं नाव वाचतो, स्पेलिंग बरोबर आहे का एवढंच बघायला, कारण चुकलं तर बँकेत अडेल. सावकाश, एकेक अक्षर. वाचतोय तो कागद, पण आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या नावावर एवढा वेळ थांबलाय. मी एवढंच लिहिलं: *नाव बरोबर होतं. आडनावातलं एक अक्षर मला दोनदा बघावं लागलं.* ह्यात भाषावादाचं भाषण घुसडायचा मोह मला झाला होता, पान भरून लिहिलंही होतं, काढलं. तो विषय खरा आहे आणि मोठा आहे पण ह्या हिरोच्या तोंडचा नाही, तो बोलायला लागला की त्याला कशाची तरी पर्वा आहे हे उघड होतं.

बाकीच्यांना रडू द्या

हे थोडक्यात. सगळीच पात्रं कोरडी केली की कोरडेपणा दिसत नाही, पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू. मर्सोच्या शेजारी एक म्हातारा राहतो, खरुज झालेल्या कुत्र्याला दिवसभर शिव्या घालतो, मारतो, आणि कुत्रं हरवल्यावर रात्री भिंतीपलीकडून त्याच्या रडण्याचा आवाज येतो. काम्यूनं हे आईच्या मरणाच्या गोष्टीत ठेवलंय, उगीच नाही. तुमच्या गोष्टीतही असा एक माणूस पाहिजे जो भलत्याच गोष्टीसाठी मनापासून रडतो.

मग एक फट पाडा, पण चुकीच्या जागी

शेवटपर्यंत एकसारखा सपाट माणूस वाचवत नाही. मर्सो शेवटी तुरुंगात आलेल्या धर्मगुरूवर असा भडकतो की त्याची कॉलर धरतो. ‘कोसला’तल्या पांडुरंगाची सगळी थट्टा धाकट्या बहिणीच्या मरणापाशी तुटते. म्हणजे फट पाहिजेच, प्रश्न कुठं एवढाच. मयताच्या प्रसंगात पाडली की मराठी सिरियल झाली.

माझ्या हिरोचा बाप दर पगाराला अर्धा किलो कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, आणायचा. तर बाप गेल्यावर तीन महिन्यांनी हिरो कुंदा घ्यायला जातो आणि डबा वजनाला २० ग्रॅम कमी भरतो. त्या पोराला तो असा बोलतो, असा बोलतो की दुकानापुढं गर्दी जमते, गिऱ्हाइकं मध्ये पडतात, मालक हात जोडून १०० ग्रॅम जास्त घालतो तरी हा थांबत नाही. इथं, आणि फक्त इथं, मी वरचे सगळे नियम मोडले. ‘च’ आले, ‘म्हणून’ आलं, ‘बोलून बसलो’ आलं, एक वाक्य पाऊण पानाचं झालं. १५० पानं उपाशी ठेवलेलं व्याकरण एकदम जेवायला बसवल्यासारखं. बाप शब्द त्यात नाही.

मोठ्यांदा वाचा, मग दुसऱ्याला द्या

खर्डा झाला की मोठ्यांदा वाचा, शक्यतो उभं राहून. जिथं तुमचा आवाज आपोआप हळवा होतो तिथं एखादा शब्द जास्तीचा आहे, शोधा. मग साहित्य न वाचणाऱ्या एखाद्याला पाच पानं द्या आणि ‘आवडलं का’ विचारू नका, ‘ह्या माणसाला काय झालंय’ एवढंच विचारा. उत्तर ‘काही नाही’ आलं तर कमी पडलंय, ‘फार दुःखात आहे बिचारा’ आलं तर जास्त झालंय.

मी दहाव्याचा प्रसंग आणि त्याच्या आधीची चार पानं शहापुरातल्या माझ्या मावशीला दिली, ती पेपर सोडून काही वाचत नाही. चष्मा लावून सगळं वाचलं, मध्ये एकदा गॅस बंद करायला उठली, आणि म्हणाली, सारखं घड्याळ काय बघतोय हा मेला, अकरा चाळीस, अकरा पंचावन्न. मग पानं मागं उलटली, बोट ठेवलं, आणि म्हणाली, हे तर बापाचंच घड्याळ घातलंय की रे ह्यानं.

पान ३ वर एकदाच लिहिलं होतं ते, दवाखान्यातून मिळालेल्या सामानाच्या यादीत, चप्पल, चष्मा आणि कवळीच्या मध्ये. घरी आल्यावर मी पान ४१ उघडलं आणि तिथलं ‘मनगटावर बाबांचं घड्याळ होतं’ हे वाक्य काढून टाकलं.